विश्वाच्या फुगवट्याची पारख

फुगवटा हा शब्द आपल्याकडे बाजारभावांच्या चर्चेतून रूढ झाला. नोटा वाढल्या, वस्तू तेवढ्याच राहिल्या आणि भाव चढले, म्हणजे चलनफुगवटा झाला असे अर्थशास्त्री म्हणतात. इंग्रजीत त्याला इन्फ्लेशन हे नाव आहे. १९७९ च्या अखेरीस अमेरिकेत भाव असेच भडकलेले असताना ॲलन गूथ नावाच्या बत्तीस वर्षांच्या एका पदार्थविज्ञानवेत्त्याला एक कल्पना सुचली, आणि लवकरच बाजारातला हा शब्द सबंध विश्वाच्या जन्मकथेला येऊन चिकटला. आरंभीच्या एका क्षणार्धात, म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाच्या अब्जांशाच्या अब्जांशाहूनही अल्प अशा काळात, विश्व एकावर पंचवीस शून्ये इतक्या पटींनी, कदाचित त्याहूनही अधिक, फुगले असावे, असा ह्या कल्पनेचा मथितार्थ आहे.

अशी कल्पना ऐकली म्हणजे कोणाही समंजस माणसाच्या मनात एक शंका येणे स्वाभाविक आहे. सृष्टीच्या पहिल्या क्षणी काय घडले ह्याची कथा आमच्या पुराणांनीही सांगितली आहे, आणि ती कमी रसाळ नाही. मग गूथ ह्यांच्या कथेला शास्त्र का म्हणावयाचे? पाहणारा कोणी नव्हता, प्रयोग पुन्हा करता येत नाही, आणि विश्व तर एकच आहे. ह्या शंकेला गेल्या चाळीसपंचेचाळीस वर्षांत जे उत्तर मिळत गेले त्याचा इतिहास आम्हांला येथे सांगावयाचा आहे. तो विजयाचाच इतिहास आहे असे मात्र कोणी समजू नये.

साक्षीदार एकच आहे, आणि तो सापडला तो अगदी योगायोगाने. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतातील होम्डेल येथे बेल कंपनीच्या प्रयोगशाळेचा कर्ण्याच्या आकाराचा एक मोठा आकाशक होता; त्याचे तोंड वीस फूट रुंद. आर्नो पेन्झिआस व रॉबर्ट विल्सन हे दोघे १९६४ मध्ये त्यावर रेडिओलहरींची मोजमापे करीत असता एक बारीकशी खरखर काही केल्या जाईना. कोणत्याही दिशेला तोंड फिरवावे, कोणत्याही ऋतूत ऐकावे, ती तेवढीच. कर्ण्यात पारव्यांनी घरटे केले होते. ते काढले, त्यांची घाण खरवडून धुतली, तरी खरखर कायम. तेथून जवळच प्रिन्स्टन येथे रॉबर्ट डिकी व त्यांचे सहकारी नेमका असाच अवशेष शोधण्यासाठी यंत्र उभारीत होते. दूरध्वनीवर बोलणे झाले, आणि १९६५ मध्ये दोन्ही गटांचे निबंध शेजारीशेजारी छापले गेले. विश्व बाल्यावस्थेत अतितप्त होते, त्याचे आता थंडावलेले तेज सर्व आकाश व्यापून उरले आहे, असा त्याचा अर्थ. राल्फ आल्फर व रॉबर्ट हर्मन ह्यांनी १९४८ मध्येच ह्या अवशेषाचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे ५ अंश असावे असे गणित मांडले होते. पण त्याची आठवण तेव्हा कोणाला झाली नाही. आज ते २.७२५ केल्विन असल्याचे आपण जाणतो. हे प्रारण विश्वाच्या वयाच्या सुमारे ३,८०,००० व्या वर्षी मोकळे झाले आणि तेव्हापासून प्रवास करीत आहे.

ह्या शोधाचा पहिला आघात एका मराठी माणसाच्या कार्यावर झाला हे येथे सांगितले पाहिजे. विश्वाला आरंभ नाही, ते सदैव असेच आहे, असा स्थिर-स्थितीचा सिद्धांत हॉईल, बाँडी व गोल्ड ह्यांनी १९४८ मध्ये मांडला होता, आणि कोल्हापूरचे जयंत नारळीकर हे केंब्रिज येथे हॉईल ह्यांचे शिष्य व सहकारी म्हणून त्याचा पुरस्कार करीत होते. १९६५ नंतर बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉईल व बर्बिज ह्यांच्यासह त्यांनी आपल्या सिद्धांताची नवी मांडणी केली आणि ह्या प्रारणाचा उगम ताऱ्यांच्या प्रकाशात शोधला. धातूंचे सूक्ष्म तंतू तो प्रकाश शोषून पुन्हा बाहेर टाकतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सर्वमान्य झाला नाही. तथापि गंमत अशी की, स्थिर-स्थितीचे विश्व ज्या घातांकी गतीने प्रसरण पावते, गणिताच्या दृष्टीने तेच प्रसरण पुढे गूथ ह्यांच्या फुगवट्यात क्षणभरापुरते परत आले. टाकून दिलेली वस्तू शास्त्रात अशी पुष्कळदा दुसऱ्या दाराने घरात येते.

आता मूळ अडचणीकडे वळू. हे प्रारण सर्व दिशांनी जवळजवळ सारखे आहे. ते का? ज्या काळी ते मोकळे झाले त्या काळी, आजच्या आकाशात दोनेक अंशांपेक्षा अधिक अंतरावर दिसणाऱ्या दोन प्रदेशांमध्ये प्रकाशालाही एकमेकांपर्यंत पोहोचण्यास वेळ मिळालेला नव्हता. ज्यांची कधी भेट नाही, पत्रव्यवहार नाही, अशा शेकडो गावांतील घड्याळे सेकंदाला सेकंद जुळलेली आढळावीत, तसाच हा प्रकार. दुसरे कोडे डिकी ह्यांनी नोव्हेंबर १९७८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील एका व्याख्यानात मांडले, आणि श्रोत्यांत गूथ बसले होते. विश्वाची भूमिती आज सपाट कागदावरील भूमितीच्या इतकी जवळपास राहावयाची असेल, तर महास्फोटानंतर एका सेकंदाने प्रसरणाचा वेग दशांशचिन्हापुढे चौदा स्थानांपर्यंत अचूक जमलेला असला पाहिजे. यत्किंचित कमी असता तर विश्व केव्हाच कोसळून गेले असते, अधिक असता तर विखरून गेले असते. व्याख्याने ऐकण्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांस आम्ही हा दाखला अवश्य देऊ.

पुढच्या वर्षी डिसेंबरात एका रात्री गणित करीत असता गूथ ह्यांच्या ध्यानात आले की, अवकाश काही काळ एका विशिष्ट प्रकारच्या ऊर्जेने भरलेले असेल तर गुरुत्वाकर्षण ओढण्याऐवजी ढकलू लागते आणि विश्व भरमसाट फुगते. फुगण्यापूर्वी सारे विश्व इवल्याशा जागेत होते, म्हणून तापमान सर्वत्र सारखे. फुगल्यावर वक्रता ताणली गेली, म्हणून भूमिती सपाट. दोन्ही कोडी एका फटक्यात सुटली. निबंध जानेवारी १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यातच गूथ ह्यांनी प्रांजळपणे लिहिले की हा फुगवटा थांबावयाचा कसा हे जमत नाही. त्यांच्या नमुन्यात तो बुडबुड्यांच्या रूपाने थांबे आणि विश्वाची समरूपता नासून जाई. १९८२ मध्ये मॉस्कोचे आंद्रेई लिंडे, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत आल्ब्रेख्ट व स्टाइनहार्ट ह्यांनी त्यावर तोड काढली: ऊर्जा एका उतरणीवरून सावकाश घरंगळत खाली येते, असे चित्र.

गूथ ह्यांचा बोलबाला झाला, पण मॉस्कोचाच अलेक्सेई स्टारोबिन्स्की हा तरुण त्यांच्याआधी तेथे पोहोचला होता. त्याचा उद्देश निराळा होता, वाट निराळी होती. आइन्स्टाइनच्या समीकरणांत पुंजवादाची दुरुस्ती करता असेच घातांकी प्रसरण निघते, असे त्याने १९८० मध्ये दाखविले. त्याच्याही आदल्या वर्षी त्याने आणखी एक गणित केले होते: असे प्रसरण झाले असेल तर त्यातून गुरुत्वतरंग उमटले असले पाहिजेत आणि ते आजही विश्वात असले पाहिजेत. हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढे त्यावर मोठे नाटक झाले.

फुगवट्याची कल्पना परीक्षेस योग्य झाली ती मात्र एका अनपेक्षित कारणाने. पुंजवादानुसार रिकामे अवकाशही संपूर्ण शांत नसते; त्यात सदैव सूक्ष्म स्पंदने चालू असतात. विश्व फुगताना ही स्पंदनेही ताणली जातात आणि आकाशव्यापी होतात. त्यांतूनच पुढे दीर्घिका व तारे जन्मले असावेत, असे मुखानोव व चिबिसोव ह्या दोघा सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये दाखविले. १९८२ च्या उन्हाळ्यात केंब्रिज येथे हॉकिंग, स्टारोबिन्स्की, गूथ, स्टाइनहार्ट, टर्नर, बार्डीन आदी मंडळी तीन आठवडे एकत्र जमली. आरंभी प्रत्येकाचे उत्तर वेगळे होते. अखेरीस सर्वांचे जुळले. आणि जुळलेले उत्तर काय, तर त्यांच्याच हातातील त्या वेळचा नमुना चुकीचा! त्यातून निघणारे चढउतार प्रमाणाबाहेर मोठे होते. तसे असते तर प्रारण इतके समरूप दिसलेच नसते. आपल्या नमुन्याला आपणच फासावर चढवून ही मंडळी घरी गेली, आणि तरीही आनंदात गेली. कारण चढउतार किती हे आता मोजता येण्यासारखे झाले होते. आमच्या मते फुगवट्याच्या कल्पनेला शास्त्र ही पदवी मिळाली ती ह्या उन्हाळ्यात.

मोजणारा प्रथम आला तो कोबे नावाचा उपग्रह, नोव्हेंबर १९८९ मध्ये. जानेवारी १९९० मध्ये जॉन मॅथर ह्यांनी प्रारणाचा वर्णपट सभेपुढे ठेवला. सिद्धांताची रेषा व मोजलेले बिंदू इतके तंतोतंत जुळले की सारे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवू लागले. हा निकाल महास्फोटाच्या बाजूचा होता. फुगवट्याविषयी त्यात काही नव्हते. फुगवट्याचा विषय निघाला तो एप्रिल १९९२ मध्ये, जेव्हा जॉर्ज स्मूट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखात एक भाग एवढे तापमानाचे चढउतार जाहीर केले. त्यांची ठेवण फुगवट्याशी सुसंगत होती. लहान व मोठ्या आकारमानाचे चढउतार जवळपास सारख्याच जोराचे. परंतु कोबेची नजर अधू होती. सात अंशांहून बारीक काही तिला दिसत नसे.

१९९० नंतरची काही वर्षे आम्हांस फार बोधप्रद वाटतात. फुगवटा खरा तर विश्व सपाट हवे. परंतु खगोलवेत्ते जेव्हा जेव्हा द्रव्याची मोजदाद करीत, तेव्हा तेव्हा आवश्यकतेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच द्रव्य हाती लागे. तेव्हा काही सिद्धांतकारांनी काय करावे? सपाट नसलेले विश्व देणारे फुगवट्याचे नमुनेही त्यांनी तयार केले! परीक्षक म्हणेल ते उत्तर लिहावयास तयार असलेला विद्यार्थी पाहून शंका यावी, तशी शंका येथेही येते. सुदैवाने १९९८ मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाचे प्रसरण वाढत्या गतीने होत असल्याचे दिसले, आणि उरलेला दोनतृतीयांश हिस्सा एका अज्ञात ऊर्जेच्या रूपाने भरून निघाला.

निर्णायक मोजणी झाली ती अंटार्क्टिकावर. १९९८ च्या डिसेंबरअखेर बूमरँग नावाची दुर्बीण एका प्रचंड फुग्याला बांधून सोडण्यात आली, आणि वाऱ्यावर दक्षिण ध्रुवाभोवती फिरत ती साडेदहा दिवसांनी परतली. तिने काय पाहिले हे समजण्यास तबल्याचे उदाहरण घ्यावे. तबल्यावर थाप पडली म्हणजे त्याच्या आकारमानाला साजेसा एक मूळ स्वर आणि त्याबरोबर काही वरचे स्वर उमटतात. जाणता माणूस न पाहता वाद्य ओळखतो. आरंभीच्या तप्त द्रव्यातही ध्वनीच्या लाटा होत्या, आणि त्यांचे ठसे प्रारणात उमटले आहेत. मूळ स्वराच्या ठशाचे खरे आकारमान गणिताने ठाऊक आहे. तो आकाशात किती मोठा दिसतो हे मोजले की मधल्या अवकाशाची भूमिती कळते. तो सुमारे एक अंशाएवढा दिसला. एप्रिल २००० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: विश्व सपाट.

ह्याच मोजणीने फुगवट्याच्या एका खऱ्या प्रतिस्पर्ध्याचा निकाल लावला. विश्वात आरंभी ऊर्जेचे दोरे, म्हणजे वैश्विक तंतू, निर्माण झाले आणि त्यांच्या ओढीने दीर्घिका बनल्या, असे एक मत तोवर बरोबरीने नांदत होते. त्या मताप्रमाणे स्वर स्पष्ट न उमटता एक पसरट घुमारा तेवढा ऐकू यावयास हवा होता. ऐकू आले ते एकामागून एक स्वच्छ स्वर. दीर्घिकांचे जनक म्हणून ते तंतू त्यानंतर उभे राहू शकले नाहीत.

पुढची दोन नावे डब्ल्यूमॅप व प्लांक ह्या उपग्रहांची. पहिला २००१ मध्ये सुटला. प्रिन्स्टनच्या ज्या गटाचा १९६५ चा योग हुकला होता त्यातील डेव्हिड विल्किन्सन ह्यांचे नाव त्याला त्यांच्या निधनानंतर देण्यात आले. दुसरा युरोपचा, २००९ चा. ह्या दोघांनी एक बारीकशी गोष्ट पक्की केली. फुगवटा हळूहळू थांबत जात असेल, तर मोठ्या आकारमानाचे चढउतार लहानांपेक्षा किंचित जोरदार हवेत. अगदी समसमान असल्यास एक अंक यावा. प्लांकच्या २०१८ च्या निष्कर्षांत तो ०.९६४९ आला, चूकभूल ०.००४२. एकाहून एवढासा कमी. पण चुकीच्या मर्यादेच्या आठपट कमी. मुखानोव व चिबिसोव ह्यांच्या गणितात हा उतार १९८१ मध्येच होता, आणि तो मोजावयास बत्तीस वर्षे लागली. शास्त्रात भाकीत म्हणतात ते ह्याला.

आता त्या गुरुत्वतरंगांकडे. ते पहिल्या क्षणी उमटले असतील, तर प्रारणाच्या ध्रुवणात त्यांनी पिळाची एक विशिष्ट नक्षी ठेवली असली पाहिजे. ही नक्षी किती ठळक ते सांगणारे एक प्रमाण आहे. शास्त्रज्ञ ते 'आर' ह्या अक्षराने लिहितात. नमुन्यानमुन्यांत भेद पडतो तो येथेच. लिंडे ह्यांनी १९८३ मध्ये सुचविलेल्या सर्वांत साध्या नमुन्यात ते ०.१३ च्या आसपास येते; स्टारोबिन्स्कीच्या नमुन्यात ०.००३ च्या आसपास, म्हणजे चाळीसएक पटींनी कमी. अशा स्थितीत १७ मार्च २०१४ उजाडला. दक्षिण ध्रुवावर बायसेप-२ ही दुर्बीण तीन वर्षे आकाशाच्या अवघ्या शंभराव्या हिश्श्याकडे टक लावून होती. तिचे भिंग वीतभरापेक्षा फार मोठे नव्हते, २६ सेंटिमीटर. तिच्या चालकांनी अमेरिकेत पत्रकारांना बोलावून सांगितले की पिळाची नक्षी सापडली आहे आणि 'आर' ०.२० आहे.

जगभर वर्तमानपत्रांची पहिली पाने त्या बातमीने भरली. गटातील एक शास्त्रज्ञ स्टॅनफर्ड येथे लिंडे ह्यांच्या दारी ती आनंदवार्ता घेऊन गेले, शॅम्पेन उघडली गेली, आणि त्या भेटीचे चित्रण लाखो लोकांनी पाहिले. ते पाहून आम्हांसही भरून आले होते. तीस वर्षे उराशी बाळगलेले गणित खरे ठरल्याचे ऐकून त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते खोटे नव्हते. लिंडे ह्यांचा साधा नमुना जिंकला आणि स्टारोबिन्स्कीचा मेला, असे त्या आठवड्यात निबंधांमागून निबंध लिहिले गेले. वास्तविक प्लांकच्या आदल्या वर्षीच्या निष्कर्षांशी हा आकडा जुळत नव्हता; पण लग्नघरात अपशकुन कोण बोलणार?

दोष धुळीत होता. आपल्या आकाशगंगेत धुळीचे सूक्ष्म कण आहेत. चुंबकीय क्षेत्रामुळे ते एका अंगाने वळतात आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या प्रारणालाही तसेच ध्रुवण येते. धूळ कोणती आणि आदिम प्रारण कोणते हे ओळखावयाचे तर अनेक वारंवारतांवर पाहावे लागते. बायसेप-२ एकाच वारंवारतेवर, सेकंदाला १५० अब्ज कंपनांवर, पाहत होती. धुळीचा उत्तम नकाशा प्लांककडे होता, पण तो अद्याप प्रसिद्ध झाला नव्हता. एका सभेत दाखविलेल्या चित्रावरून अंदाज बांधून काम भागविले गेले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये प्लांकने कळविले की आकाशाच्या त्या तुकड्यातही धूळ भरपूर आहे. मग दोन्ही गट एकत्र बसले, आणि ३० जानेवारी २०१५ रोजी त्यांनी संयुक्तपणे जाहीर केले की गुरुत्वतरंगांचा पुरावा राहिला नाही. होम्डेलच्या खरखरीत आदिम तेज निघाले होते. येथे आदिम तेज म्हणून जे पाहिले ती घरातील धूळ निघाली.

ह्या प्रकरणी उपहास पुष्कळ झाला. घाई झाली ती पत्रकारांपुढे जाण्यात, असे आमचे मत आहे. यंत्र उत्तम होते, आणि सुधारणाही दहा महिन्यांत त्याच लोकांच्या सहीने झाली. त्याच गटाने पुढे अनेक वारंवारतांवर मोजून २०२१ मध्ये 'आर' ०.०३६ पेक्षा अधिक असू शकत नाही अशी मर्यादा घातली. म्हणजे २०१४ च्या मार्चमध्ये ज्याचा जयजयकार झाला तो लिंडे ह्यांचा साधा नमुनाच बाद झाला, आणि ज्याला मूठमाती दिली होती तो स्टारोबिन्स्कीचा नमुना आघाडीवर आला.

तरीही मुळातील शंका संपलेली नाही, आणि ती उच्चारणारा माणूस बाहेरचा नाही. फुगवट्याला आकार देणाऱ्यांपैकीच एक पॉल स्टाइनहार्ट हे त्याचे सर्वांत कडवे टीकाकार झाले आहेत. २०१७ च्या आरंभी इज्जास व लोब ह्यांच्यासह त्यांनी एका मासिकात लिहिले की, ज्या कल्पनेतून कोणताही निष्कर्ष काढता येतो ती कसोटीला उतरते असे म्हणण्यात अर्थ नाही. त्यावर गूथ, लिंडे, हॉकिंग, वाइनबर्ग आदी तेहतीस शास्त्रज्ञांनी सही करून विरोधाचे पत्र पाठविले. सह्यांच्या संख्येने असले वाद मिटत नाहीत. आम्हांस दोन्ही पक्षांत तथ्य दिसते. कुळावर खटला चालत नाही, माणसावर चालतो. फुगवटा हे कुळाचे नाव आहे, आणि त्यातील कित्येक व्यक्ती निरीक्षणांनी खरोखरच दोषी ठरवून बाहेर काढल्या आहेत. परंतु 'आर' कितीही लहान देणारा नमुना रचता येतो, म्हणून पिळाची नक्षी न सापडल्याने सबंध कूळ नष्ट होत नाही, हेही खरे. उलट स्टाइनहार्ट ह्यांचा स्वतःचा पर्याय, आकुंचन पावून पुन्हा प्रसरण पावणारे विश्व, अशी नक्षी सापडणारच नाही असे सांगतो; ती सापडली तर तोच पडेल. धोका पत्करण्याच्या बाबतीत टीकाकार अधिक धीट आहेत, हे मान्य केले पाहिजे.

पुण्याचा ह्या साऱ्याशी संबंध आहे. नारळीकरांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या आयुका ह्या संस्थेत महास्फोटाविषयी संस्थापकाचा संशय जाहीर असतानाही ह्या प्रारणाचा अभ्यास करणारा गट वाढला, आणि तेथील तरुण सौरदीप ह्यांचे नाव प्लांकच्या निबंधांच्या लेखकांत आहे. स्वतः नारळीकरांनी पद्मनाभन ह्यांच्यासह १९९१ मध्ये खगोलवेत्त्यांसाठी फुगवट्याचे विस्तृत समालोचन लिहिले होते. जे पटत नाही ते आधी नीट मांडून दाखविण्याची ही रीत आहे. मे २०२५ मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी मार्चमध्ये चिलीच्या आटाकामा पठारावरील दुर्बिणीचे निष्कर्ष आले. इतर मोजण्यांशी जोडून त्यांनी तो उताराचा अंक ०.९७४ वर नेला. फरक तिसऱ्या दशांशस्थळाचा. पण तेवढ्यानेच स्टारोबिन्स्कीचा नमुना, जो ०.९६७ च्या आगेमागे असावयास हवा, कडेला सरकला. हा फरक खरा की मोजण्या एकमेकींशी नीट जुळत नसल्याचा परिणाम, ह्यावर वाद चालू आहे. स्टारोबिन्स्की २१ डिसेंबर २०२३ रोजी निवर्तले. त्यांना हे पाहावयास मिळाले नाही. त्याच पठारावर, समुद्रसपाटीपासून ५,२०० मीटर उंचीवर, सिमन्स वेधशाळेच्या नव्या दुर्बिणी आता पिळाची नक्षी शोधीत आहेत, आणि ह्या खेपेस त्या अनेक वारंवारतांवर एकाच वेळी पाहत आहेत.